डोळे कुणी आखले?

सात वर्षांपूर्वीच्या चवथीची गोष्ट. मूर्ती न्यायला आलेले एक गृहस्थ आमच्या शाळेत उभे होते. शिकलेले, पेन्शनीत निघालेले, बोलायला गोड. शाळा म्हणजे गणपतीची शाळा. पत्र्याची शेड, खाली सारवलेली जमीन, फळ्यांवर ओळीनं बसलेले साठेक गणपती, आणि बाहेर कॅसलरॉकच्या बाजूनं येणारा तो आमचा न थांबणारा पाऊस. गृहस्थांनी आपली मूर्ती बघितली, हात जोडले, म्हणाले, "काय डोळे आहेत हो! कुठूनही बघा, आपल्याकडेच बघतोय." मग विड्याच्या पानावर सुपारी ठेवली, वर नोट ठेवली. माती आणि रंग यांचा खर्चसुद्धा त्या नोटेत बसत नव्हता. मी अडखळत तसं सांगितलं. ते हसले. "अहो, तुम्ही कलाकार माणसं. देवाची देणगी ही. तुम्ही कुठं पैशाचं घेऊन बसलात?"

दिवाळीआधी त्यांनीच मला कंपाउंडची भिंत रंगवायला बोलावलं. 'येथे वाहने लावू नयेत', एवढी सहा इंची अक्षरं. चहा आला तो पडवीत, कान तुटलेल्या कपात. जेवायच्या वेळेपर्यंत काम आटपलं तर म्हणाले, "अर्ध्या दिवसाचंच झालं की. हजेरी अर्धीच धरतो."

हात तोच, ब्रशसुद्धा तोच. चवथीला तो देवाच्या देणगीचा होता, दिवाळीला अर्ध्या हजेरीचा. कलाकार म्हटलं की मजुरी टळते, मजूर म्हटलं की मान टळतो. दोन्ही वेळा वाचतो तो देणारा. ही युक्ती त्या एका गृहस्थांची नाही, आपल्या सगळ्या समाजाची आहे. पिढ्यान् पिढ्या वापरून ती इतकी गुळगुळीत झाली आहे की हाताला टोचतसुद्धा नाही.

मी सुप्याचा. आज सुपा म्हटलं की लोकांना धरण आठवतं, गणेशगुडीच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टांच्या पाट्या आठवतात. (त्यातल्या काही मीच रंगवल्या आहेत, फ्लेक्स यायच्या आधी.) माझं सुपा पाण्याखाली आहे. आजच्या जोयडा तालुक्याचं नाव तेव्हा सुपा तालुका. काळी आणि पांढरी या दोन नद्या गावाशी येऊन मिळायच्या. रंगाऱ्याच्या पोराला याहून चांगलं गाव कुठलं मिळणार होतं? घरात आम्ही कोकणी बोलायचो, भजनात आणि नाटकात मराठी, कचेरीत कानडी. १०१ मीटर उंचीचं धरण १९८७ साली पुरं झालं. त्याआधीच गाव उठलं होतं, आणि आमच्यासारखी पुष्कळ घरं रामनगरला येऊन पडली होती. वीज तारांवरून दूरच्या शहरांकडे गेली. तालुक्यातल्या कुणब्यांच्या कितीतरी वाड्यांवर पुढं वर्षानुवर्षं रॉकेलची चिमणीच जळत राहिली.

धरणाचं रडगाणं गायला मी बसलेलो नाही. मुळशीपासून कोयनेपर्यंत ते मराठी माणसाला पाठ आहे. मला सांगायचंय ते मोजणीबद्दल. मोजायला माणसं आली तेव्हा मी शाळकरी होतो. त्यांनी खोल्या मोजल्या, गुंठे मोजले, नारळी-पोफळी मोजल्या. बाबांनी जत्रेच्या नाटकांसाठी रंगवलेले पडदे मोजले नाहीत. राजवाडा, रस्ता, जंगल असे तीन पडदे होते. पंचक्रोशीतल्या नाटकांना ते बैलगाडीतून जायचे. बाबांनी ते उलगडून दाखवले. मोजणीदार चांगला माणूस होता, तो थांबून बघत राहिला, जंगलाच्या पडद्यातल्या हरणाला त्यानं हातही लावला. पण त्याच्या कागदावर त्याला रकाना नव्हता. बाबा नंतर आयुष्यभर म्हणायचे, "पोफळीला दर होता रे, हरणाला नव्हता."

जात्यातले रडतात, सुपातले हसतात, अशी आपल्यात म्हण आहे. सुप्यातले आम्ही जात्यात कधी पडलो ते कळलंसुद्धा नाही. पण ही म्हण आपण शेकडो वर्षं वापरतोय आणि त्यातलं सूप कुणी विणलं, हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

सूप नीट बघा एकदा. मागची बाजू उचललेली, पुढची सपाट, मधे तळहातासारखी खोलगट. वारा धरला गेला पाहिजे, तूस उडालं पाहिजे आणि दाणा मात्र मागं सरकून राहिला पाहिजे. हा उतार फूटपट्टीनं येत नाही. ओल्या वेळूची कामटी नखावर वाकवून बघावी लागते. जून असली तर मोडते, कोवळी असली तर चार महिन्यांत कीड धरते. मी चाळीस वर्षं माती घडवतोय, पण मला सूप विणता येणार नाही. मूर्तीत चूक झाली तर मी रंगाखाली लपवतो. सुपात लपवायला जागाच नसते.

आणि या सुपाचा आपल्याकडे मान केवढा! मूल जन्मलं की त्याला सुपात घालतात. गौरीला सुपाचं वाण देतात. पाखडल्याशिवाय दाणा जात्यात जात नव्हता. एवढी पवित्र वस्तू विणणारा बुरूड, आमच्याकडचा मेदार, मात्र उंबऱ्याच्या बाहेर. सूप देव्हाऱ्यापर्यंत जातं, विणणारा अंगणात थांबतो. त्याच्या हाताचा विटाळ वस्तूला कसा लागत नाही? पाणी शिंपडलं की संपतो म्हणे. मग तेच पाणी माणसावर शिंपडून का संपवत नाही? यावर आमच्या भटजींनी मला एकदा उत्तर दिलं होतं. इतकं लांब होतं की मी विसरलो.

आता वेळूचीच गोष्ट. १९५० च्या दशकात आमच्या शेजारी दांडेलीला कागदाची गिरणी उभी राहिली. जंगलातला बांबू तिला सरकारनं कवडीमोलानं दिला. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी यावर लिहिलंय: गिरणीला टनामागं रुपया-दीड रुपयाचा भाव, आणि बाजारात तोच बांबू घेणाऱ्या टोपलीवाल्याला मोजावे लागणारे पैसे हजारांच्या हिशेबात. सत्तरच्या दशकात बांबू संपत चालला म्हणून टोपल्या विणणाऱ्यांनीच ओरड केली, तेव्हा कुठं तपासणी झाली. त्या तपासणीत गावकऱ्यांनी गाडगीळांना एक साधी गोष्ट दाखवली. वेळूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं जाळं असतं. गिरणीची माणसं बेट साफ केलं की वाढ चांगली होईल म्हणून ते छाटायची. पण ते काटेच कोवळ्या कोंबांचं कुंपण असतं. काटे गेले की कोंब जनावरांच्या तोंडी जातात. जंगलात उठबस असलेल्या माणसाला जे ठाऊक होतं, ते डिग्रीवाल्यांना ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. टोपली विणणारा म्हणजे हात. त्याला डोकंही असेल हा विचार आपल्या मनात येत नाही.

या गोष्टीत मी साक्षीदार नाही, आरोपी आहे. शाळेत मी पहिलं चित्र काढलं ते कागदावर. तुम्ही हा लेख वाचताय तोही कागदावर. सूप विणणाऱ्याचा वेळू स्वस्तात गेला तेव्हाच कलेवर व्याख्यानं छापायला स्वस्त कागद मिळाला. तिकडे गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावानं भांडून भांडून २०११ साली आपल्या बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक स्वतःच्या ग्रामसभेच्या हाती घेतलं. बांबू हे गवत, त्यावर पहिला हक्क गावाचा, एवढं साधं वाक्य कायद्याच्या तोंडून वदवून घ्यायला त्यांना किती वर्षं लागली! आमच्या मेदारांकडे भांडायला तेवढी वर्षं नव्हती. पोरं हॉटेलात कपबश्या विसळायला गोव्याला गेली.

कला वेगळी आणि कारागिरी वेगळी ही वाटणी इंग्रजांनी केली असं शहरातले विद्वान सांगतात. थोडं खरं आहे. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली निघालं ते इथल्या कारागिरांचा हात सुधारावा म्हणून. मग १८९१ साली लॉर्ड रे यांच्या नावानं कारागिरीच्या कार्यशाळा निराळ्या झाल्या. चित्र एकीकडे, लोखंड-लाकूड-माती दुसरीकडे. पण इंग्रजांनी भिंत बांधली म्हणावं तर पाया कुणाचा होता? आपल्याकडे हातानं काम करणं हेच मुळात हलकं. जो बसून बोलतो तो वरचा, जो वाकून करतो तो खालचा. साहेबानं येऊन त्या पायावर मजला चढवला, एवढंच. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी स्वतः कॅमेरा जुळवला, पडदे रंगवले, मूर्ती केल्या, सिनेमे काढले. लोकांनी त्यांना बाबूराव पेंटर केलं, आणि ते नाव त्यांनी अभिमानानं मिरवलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनीही पोटासाठी पाट्या रंगवल्या, रबरी शिक्के केले. त्यांच्या पुस्तकांची पारायणं करणाऱ्या किती जणांनी आपल्या मुलाला पाट्या रंगवायला पाठवलं असतं?

आमच्याच तालुक्यात उळवी आहे. बाराव्या शतकात कल्याणात रक्त सांडलं तेव्हा चन्नबसवण्णा शरणांना घेऊन या जंगलात आले, त्यांची समाधी इथंच. जत्रेला अजून बैलगाड्या येतात. त्या शरणांच्या मेळ्यात केतय्या नावाचा एक मेदार होता. टोपल्या विणायचा आणि वचनं रचायचा. बसवण्णांच्या मंडळींचं म्हणणंच असं होतं की हातातलं काम आणि देव यांच्यामध्ये तिसरं कुणी नको. आपल्याकडे गोरोबा, सावतोबा, नरहरी यांनी वेगळं काय सांगितलं? चोखोबा तर मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेला. आपण चोखोबाचा अभंग गातो, डोळे पुसतो. गावकूस बांधणाऱ्याला त्याच कुसाच्या आत जागा नव्हती, हे कीर्तन संपल्यावर घरी जाताना किती जणांच्या मनात येतं? उळवीच्या जत्रेत केतय्याच्या जातीची माणसं आजही टोपल्या विकतात, रस्त्याच्या कडेला, पोत्यावर बसून. भक्त त्यांच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालतात आणि तसेच दर्शनाला जातात.

बोट दुसऱ्याकडे दाखवणं सोपं आहे. आमच्या शेडला दर वर्षी चवथीआधी एक म्हातारी मेदारीण यायची. माझे छोटे गणपती तिच्याच टोपल्यांतून, भाताच्या पेंढ्यावर बसून लांबच्या गावांना जायचे. मी तिच्याशी घासाघीस करायचो. करतात सगळे. एकदा पैसे देताना ती हात पुढं करून म्हणाली, "तुला लोक पानावर ठेवून देतात, बाबा. मला तू वरून टाकतोस." मला राग आला. खरं होतं म्हणूनच आला. पुढच्या वर्षी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चौकशी करावी तर मला तिचं नाव ठाऊक नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं तिच्या टोपल्या वापरल्या आणि नाव विचारलं नाही! २०२३ साली केंद्र सरकारनं विश्वकर्मा योजना काढली. त्यातल्या अठरा धंद्यांच्या यादीत मूर्तिकारही आहे आणि टोपली-चटई-झाडू करणाराही. सरकारी कागदानं आम्हा दोघांना एका पंगतीत बसवलं. मी काही सरकून जागा दिली नव्हती.

पण याहून मोठी गोष्ट माझ्या घरातच आहे, आणि ती सांगायलाच मी लिहायला बसलो. वळणावळणानं इथवर आलो, कारण धीर होत नव्हता.

शेडवर पाटी होती. माझं नाव, खाली 'मूर्तिकार व पेंटर'. मूर्तीचं अंग माझं, ठेवण माझी, रंगाचे हात माझे. पण मूर्तीत जीव येतो तो आखणीत. डोळे, भुवया, ओठांची कड. एका बारीक ब्रशाच्या टोकावर सगळं. बाबा गेल्यावर आमच्या शेडमध्ये आखणी माझी बायको करते. गेली बावीस वर्षं. लग्न होऊन आली तेव्हा ती दारात रांगोळी काढायची आणि मी तिच्या रेषेकडे बघत राहायचो. ती एका दमात जायची, कुठं थबकायची नाही.

चित्रकार मंडळी वर्तमानपत्रांत मुलाखती देतात. सुचायला एकांत हवा, शांतता हवी, कधी दार्जिलिंग तर कधी पॅरिस हवं. असेल बुवा. आमच्या हिच्या एकांताचं मोजमाप सांगतो. पहाटे चूल, गोठा, माझ्या आईचं औषध, पोरांचे डबे, नदीवर धुणं. मग दुपारी बारा ते दोन. तेवढ्या दोन तासांत ती जमिनीवर बसते, हात टेकवायला एक बांबूची काठी धरते आणि अठरा-वीस गणपतींना दृष्टी देते. कुकरच्या शिट्ट्या मोजत. तिसऱ्या शिट्टीला उठून गॅस बंद करते, हात पुसते, परत येते, आणि अर्धवट राहिलेली भुवई जिथं सोडली तिथूनच पुढं नेते. सांधा शोधून सापडत नाही. ही साधना नव्हे तर काय? पण बाईचं काम म्हटलं की त्याला साधना म्हणत नाहीत, हातभार म्हणतात. "वहिनींचाही हातभार असतो वाटतं," असं येणारेजाणारे म्हणतात, आणि मी हो म्हणतो.

महिन्यातले चार दिवस तिला शेडमध्ये मज्जाव असायचा. आईचा दंडक, तिच्या सासूचाही होता. चुलीशी नाही, देवाशी नाही, मातीच्या देवाशी तर नाहीच. वर्षाचे बाकीचे महिने ते खपून जायचं. सात वर्षांपूर्वीच्या श्रावणात पाऊस असा लागला की मूर्ती सुकेनात. भुशाच्या शेगड्या पेटवल्या, धुरानं डोळे फुटायची वेळ आली. रंग चढायला चवथीआधीचे चार दिवस उजाडले. आणि नेमकी ती बाहेर बसली. त्रेचाळीस मूर्ती बिनडोळ्यांच्या. मी ब्रश घेतला. आठ गणपती आखले, आठही दचकल्यासारखे दिसायला लागले. पुसले. रात्री आई झोपल्यावर मी मागच्या दारानं तिला आत आणलं.

ती आधी दारातच उभी राहिली. म्हणाली, "विचार करा." मी म्हटलं, "विचार करायला वेळ कुठाय." दोन रात्री ती बसली. कंदील मी धरला होता, कारण वीज गेली होती. (धरणाच्या गावची वीज!) चूल नव्हती, कुकर नव्हता, कुणी हाक मारणारं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला सलग सहा-सात तास मिळाले होते, आणि तेही विटाळामुळं. त्या रेषा मी आजही विसरलेलो नाही. त्रेचाळीस डोळ्यांच्या जोड्या, एकीसारखी दुसरी नाही. एखादा गणपती हसरा, एखादा पेंगुळलेला, एक तर असा मिश्कील की मला कंदील हलवून परत बघावं लागलं.

गणपती घरोघर गेले. पूजा झाल्या, आरत्या झाल्या, नवस फिटले. कुणाचं वाईट झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. सुरुवातीला सांगितले ते गृहस्थ ज्या डोळ्यांना हात जोडून उभे राहिले, ते यातलेच. "देवाची देणगी" म्हणाले ते माझ्याकडे बघून. ती मागच्या पडवीत वेगळ्या ताटात जेवत होती.

मी काहीच बोललो नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आई होती तोवर आईचं कारण होतं. आई गेल्यावर गिऱ्हाइकांचं कारण. विटाळ पाळणारा समाज म्हणून मी तुमच्यावर दात-ओठ खातो, भाषणं ऐकतो, टाळ्या वाजवतो, आणि दर महिन्याला चार दिवस शेडच्या दाराला कडी घालत आलो. गरज पडली तेव्हा कडी काढली, गरज संपली तशी लावली. तुम्ही मला चवथीला कलाकार आणि दिवाळीला मजूर करता, तेच मी तिच्याशी केलं. फरक इतकाच की तुम्ही पानावर नोट तरी ठेवली होती.

यंदा शिमग्यानंतर मी पाटी उतरवली. जुना रंग पॉलिश पेपरनं घासून काढला, प्रायमर मारला, दोन दिवस सुकू दिला. वर तिचं नाव लिहिलं, पुढं 'आखणी'. खाली माझं. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, शेड महिन्याचे तीसही दिवस उघडी असते असं लिहिलं. कशासाठी ते विचारणाऱ्याला मी सांगतो, स्पष्ट शब्दांत सांगतो, त्या दोन रात्रींसकट. ती पाटीकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "माझ्या नावातला दुसरा काना वाकडा झालाय." बघितलं तर खरंच झाला होता. तो तिनंच सरळ केला.

आषाढात पाट यायला लागतील. घरोघरची माणसं आपापला पाट आणून टाकतात, त्याच्या मापानं मूर्ती बसते. त्या गृहस्थांचा पाट शिसवीचा आहे, कोपऱ्याला पितळेची फुली. गेली सात वर्षं तो पहिल्या आठवड्यात येतो. फळीवर त्याची जागा मी रिकामी ठेवली आहे.